गोव्यात कॅराव्हॅनसाठी जागा बुक करताना: रद्द केल्यास पैसे किती, कधी आणि कोणाकडून परत येतात

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोरजी-मांद्रेकडे कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, उभी करायला जागा मिळवणं कठीण. ती रद्द करून पैसे परत मिळवणं त्याहून कठीण. याला कारण आहे. गोव्यातली कॅराव्हॅनची जागा म्हणजे बहुतेक वेळा होमस्टेच्या मागचं नारळाचं भाट (बाग) किंवा जुन्या घराचं आवार असतं. तिथे चार-सहा गाड्या मावतात. शंभर खोल्यांच्या हॉटेलात एक खोली रिकामी राहिली तर कोणाला पत्ता लागत नाही. सहा गाड्यांच्या भाटात एक जागा रिकामी गेली, तर मालकाची त्या रात्रीची सहाव्या हिश्श्याची कमाई गेली. म्हणून सीझनला तो ताठ असतो आणि जुलैमध्ये तोच माणूस 'पैसे राहू द्या, नंतर या' म्हणतो.

म्हणजे एकाच जागेचे नियम वर्षभर सारखे नसतात. २० डिसेंबर ते ५ जानेवारी, कार्निव्हाल, गुड फ्रायडे, १५ ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार, या दिवसांना वेगळे नियम लावले जातात आणि ते वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. मित्राला नोव्हेंबरमध्ये पूर्ण पैसे परत मिळाले, म्हणून आपल्याला नाताळात मिळतील असं धरून चालू नका.

आधी हे पाहा: पैसे कोणाच्या हातात जाणार?

गोव्यात कॅराव्हॅनचं बुकिंग तीन प्रकारांनी होतं. तुमची स्वतःची गाडी आहे आणि फक्त उभी करायला जागा हवी, हा पहिला. गाडी आणि जागा एकाच माणसाकडून पॅकेजमध्ये, हा दुसरा. तिसरा प्रकार म्हणजे गाडी पुणे, कोल्हापूर किंवा बेळगावच्या भाडेवाल्याकडून आणि जागा गोव्यातल्या मालकाकडून. पैसे सर्वांत जास्त बुडतात ते या तिसऱ्या प्रकारात. गाडीवाल्याने आदल्या दिवशी 'इंजिन उतरवलंय' म्हणून हात वर केले, तर तो गाडीचे पैसे देईल, पण जागेच्या मालकाचा त्यात काही दोष नाही. त्याच्या लेखी तुम्ही 'नो-शो', म्हणजे न कळवता न आलेलं गिऱ्हाईक. असे दोन करार करायचेच असतील, तर गाडीवाल्याकडून एक ओळ लिहून घ्या: गाडी वेळेवर न मिळाल्यास जागेचं बुडालेलं भाडंही तो देईल. पन्नास वेळा मागितलं तर पाच वेळा मिळेल, पण मागायला पैसे पडत नाहीत.

पैसे ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने परत येतात. बुकिंग ॲपवर पैसे भरले असतील, तर मालकाला फोन करून रद्द करण्यात अर्थ नाही. तो 'हो, चालेल' म्हणेल आणि ॲपच्या नोंदीत तुमचं बुकिंग जिवंत राहील. रद्द करायचं ते ॲपमध्येच. मालकाने 'पैसे परत द्यायला माझी हरकत नाही' असं लिहून दिलं, तर तो मेसेज मात्र ॲपच्या ग्राहकसेवेला जोडा, त्याचा उपयोग होतो. ॲपची 'कन्व्हिनियन्स फी' (ॲपचं स्वतःचं शुल्क) बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. परदेशी संकेतस्थळावर डॉलर-युरोत पैसे कापले गेले असतील, तर परताव्याच्या दिवसाचा दर लागतो आणि पूर्ण परतावा मिळूनही शे-दोनशे रुपये कमी दिसतात. ती फसवणूक नव्हे.

आणि एक. समुद्राच्या वाळूवर, शॅकच्या (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीच्या) बाजूला 'लावा गाडी, रात्रीचे हजार द्या' असं कोणी म्हणालं तर ती जागा बुकिंगच्या व्याख्येतच बसत नाही. किनाऱ्यावर गाडी नेणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं यांवर गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ साली आदेश काढून बंदी घातली आहे. पोलिसांनी मध्यरात्री उठवलं तर हजार रुपये मागायला जायचं कोणाकडे? जागेची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा. गोव्यात पर्यटकांना राहायची सोय देणाऱ्यांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. नोंदणी क्रमांक द्यायला टाळाटाळ करणारा मालक परतावा देताना मोकळ्या हाताने देईल, अशी आशा ठेवू नये.

पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारायचे प्रश्न

फोनवर बोला, ओळख करून घ्या, पण नियम लेखी घ्या. खालचे प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवून उत्तर येईपर्यंत थांबलात, तर पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत.

१. रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के परत? हे टक्के एकूण भाड्याचे की भरलेल्या ॲडव्हान्सचे?
२. दिवस कसे मोजता, तारखेवरून की चेक-इनच्या वेळेवरून?
३. तारीख बदलायची झाली तर किती वेळा, किती दिवस आधी, आणि भाड्यात फरक पडला तर?
४. तीन रात्रींतली एक कमी केली, किंवा दोन गाड्यांतली एक आली नाही, तर?
५. तुम्ही रद्द केलंत तर काय देणार?
६. वादळ, रस्ता बंद, सरकारी आदेश या वेळी नियम काय?
७. जीएसटी भाड्यात धरलाय का? अनामत किती, आणि ती कधी परत?

यातला पहिला प्रश्न दिसतो त्यापेक्षा महागाचा आहे. समजा एकूण भाडं ६,००० रुपये आणि तुम्ही ३,००० रुपये ॲडव्हान्स भरला. नियमात लिहिलंय, '५० टक्के कपात'. ही कपात ॲडव्हान्सवर असेल तर तुम्हाला १,५०० रुपये परत येतील. एकूण भाड्यावर असेल तर कपात ३,००० रुपयांची, म्हणजे परतावा शून्य. दोन्ही वेळा शब्द तेच. मालकाच्या मनात बहुधा दुसरा अर्थ असतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात पहिला.

पाचव्या प्रश्नावर बरेच मालक चमकतात, कारण तो त्यांना सहसा कोणी विचारत नाही. गोव्यात त्याला महत्त्व आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत घरचे सगळे मूळ गावी जातात, कामाला माणसं नसतात, आणि महिन्यापूर्वी घेतलेलं बुकिंग मालक आदल्या आठवड्यात रद्द करतो. अशा वेळी पूर्ण पैसे परत मिळायलाच हवेत, त्यात 'प्रोसेसिंग' म्हणून काही कापायचं नसतं.

उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. वेबसाइटवरचे नियम मध्येच बदलतात. पैसे भरले त्या दिवशीचं पान पीडीएफ करून ठेवा. तुमच्यावर बंधनकारक असतात ते त्या दिवशीचे नियम.

गाडीचं माप लेखी द्या

परताव्याच्या लेखात गाडीची लांबी-रुंदी कशाला, असं वाटेल. पण गोव्यात गाडी जागेपर्यंत न पोहोचणं हे पैसे बुडण्याचं नेहमीचं कारण आहे. गावातले रस्ते चिऱ्यांच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जातात, काटकोनात वळतात, आणि वर विजेच्या व केबलच्या तारा लोंबत असतात. सहा मीटरची व्हॅन जिथे सहज जाते, तिथे नऊ मीटरची बस वळणावर अडकते. छतावर एसी बसवलेल्या गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास किंवा वर जाते आणि आडवी आलेली फणसाची फांदी पुरेशी होते.

आता दोष कोणाचा? तुम्ही बुकिंगच्या वेळी 'गाडीची लांबी ७.५ मीटर, रुंदी आरशांसकट २.४ मीटर, उंची एसीसकट ३.१ मीटर' असं लिहून विचारलं असेल आणि मालक 'येईल आरामात' म्हणाला असेल, तर जागा सांगितल्याप्रमाणे मिळाली नाही, पूर्ण परतावा तुमचा. तुम्ही फक्त 'कॅराव्हॅन आहे' एवढंच कळवलं असेल, तर मालक म्हणेल की माझ्याकडे रोज कॅराव्हॅन येतात. आणि माप चुकीचं दिलं असेल तर विषयच संपला. आरसे उघडे धरून, मागची शिडी आणि सायकलचा स्टँड धरून मोजा. कागदपत्रांवरचं माप त्याशिवायचं असतं.

बार्देश-पेडणे किंवा तिसवाडीत फेरीवरून जावं लागणारी जागा असेल, तर तुमची गाडी फेरीत घेतात का हेही मालकालाच विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दिवस मोजण्यातली गंमत

समजा मुक्काम २७ ते ३० डिसेंबर, तीन रात्री, रात्रीला २,००० रुपये. नियम असा: ३० दिवसांहून आधी रद्द केल्यास ५०० रुपये कापून बाकी परत, ३० ते १५ दिवसांत अर्धे, १५ दिवसांहून कमी राहिले तर काही नाही.

१० डिसेंबरला रद्द केलं तर १७ दिवस आधी, म्हणजे अर्धे. १३ डिसेंबरला केलं तर १४ दिवस, म्हणजे शून्य. १२ डिसेंबरला बरोबर १५ दिवस होतात. '१५ दिवसांपर्यंत अर्धे' असं लिहिलं असेल तर तुम्ही आत, '१५ दिवसांपूर्वी' लिहिलं असेल तर मालक बाहेर काढेल. काठावरच्या दिवसाची वाटच पाहू नका.

तासांत दिलेले नियम आणखी फसवे. चेक-इन शुक्रवारी दुपारी १२ वाजता आणि मुदत ७२ तास, तर शेवटची वेळ मंगळवारी दुपारी १२ ची. मंगळवारी रात्री नऊला 'अजून तीन दिवस आहेत' असं वाटतं, पण मुदत नऊ तासांपूर्वी संपलेली असते. बुकिंग पक्कं झालं की कॅलेंडरमध्ये मुक्कामाच्या तारखेसोबत या मुदतीचाही गजर लावा, आणि तो एक दिवस अलीकडचा लावा.

नियमांत 'जागा पुन्हा भरली गेल्यास' अशी ओळ असते का, तेही पाहा. असेल तर सीझनला उशिरा रद्द करूनही पैसे परत येऊ शकतात, कारण नाताळात मालकाकडे थांबलेले लोक असतात. नसेल तरी विचारा: 'जागा दुसऱ्याला गेली तर माझे पैसे द्याल का?' हा प्रश्न नुसत्या विनवणीचा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मागता येते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. एकाच रात्रीचं भाडं दोघांकडून घेतलेल्या मालकाला 'माझं नुकसान झालं' हे सांगणं अवघड जातं. स्वतःच कोणी मित्र शोधून त्याच्या नावावर बुकिंग करून देण्याची तयारी दाखवलीत, तर बहुतेक मालक खुशीने तयार होतात. नाव बदलल्याचं मात्र लेखी घ्या. अनामत आणि नुकसानीची जबाबदारी नव्या माणसाकडे गेली, हेही त्यात यावं.

जीएसटीचे पैसेही परत येतात

कॅम्पसाइटवरचा मुक्काम जीएसटीसाठी हॉटेलच्याच गटात धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या मुक्कामावर ५ टक्के कर आहे. वरच्या उदाहरणात ६,००० वर ३०० रुपये, म्हणजे तुम्ही एकूण ६,३०० भरले.

अर्धे परत मिळणार असतील तर येणारी रक्कम ३,००० नाही, ३,१५० आहे. मालकाने ठेवून घेतलेल्या ३,००० वर कर लागतो तो १५० रुपये. रद्द करण्याच्या शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने कर, हे केंद्राच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. उरलेले १५० तुमचे. 'कर सरकारला भरून झाला' हे कारण चालत नाही, कारण नोंदणीकृत व्यावसायिक क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढून, किंवा नुसता ॲडव्हान्स असेल तर रिफंड व्हाउचर काढून, तो हिशेब सुधारू शकतो.

त्याआधी मालकाला जीएसटी घ्यायचा अधिकार तरी आहे का, हे बघा. नोंदणी नसलेल्या माणसाला कर लावता येत नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातला असेल तर ३० ने सुरू होतो. महाराष्ट्राचा २७ ने, कर्नाटकचा २९ ने. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नाव दिसतं.

रद्द करायचंच झालं तर

घाई करू नका. पहिल्यांदा तारीख बदलून मिळते का ते पाहा. ॲडव्हान्स बुडण्यापेक्षा फेब्रुवारीतल्या मधल्या वारांना तीन रात्री मिळाल्या तर त्या चांगल्या, आणि मालकालाही पैसे परत काढण्यापेक्षा हे सोपं जातं. पण तारीख बदलून घेतली की बऱ्याच ठिकाणी ते बुकिंग कायमचं 'ना-परतावा' होतं. नवी तारीख पक्की नसेल तर हा मार्ग धरू नका. क्रेडिट व्हाउचर देऊ केलं तर तीन गोष्टी विचारा: किती महिने चालतं, सीझनला चालतं का, आणि दुसऱ्याला देता येतं का. सहा महिन्यांचं व्हाउचर डिसेंबरअखेर मिळालं तर ते जूनमध्ये संपतं, म्हणजे वापरायला प्रत्यक्षात मेअखेरपर्यंतचाच काळ. सेवाच मिळाली नसेल, किंवा मालकाने रद्द केलं असेल, तर व्हाउचर घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही, पैसे मागा.

रद्द करायचा निर्णय झाला की फोन नंतर, मेसेज आधी. साधारण असा:

'नमस्कार. २७ ते ३० डिसेंबर, एक कॅराव्हॅन, बुकिंग माझ्या नावावर. हे बुकिंग मी आज १० डिसेंबरला सकाळी ९.४० वाजता रद्द करत आहे. २ नोव्हेंबरच्या तुमच्या मेसेजमधील नियमाप्रमाणे १५ ते ३० दिवस आधी रद्द केल्यास अर्धी रक्कम परत मिळते. मी भरलेले ६,३०० रुपये, परतावा ३,१५० रुपये. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर पाठवावेत आणि बुकिंग रद्द झाल्याचं कळवावं.'

कारण लिहायची गरज नाही. आजारपणाची लांब गोष्ट सांगितली की बोलणं नियमावरून दयेवर जातं. नियम तुमच्या बाजूने नसेल तेव्हा मात्र कारण जरूर सांगा, हॉस्पिटलचा कागद जोडा. सवलत मागताना कागदाला वजन असतं. मग फोन करा, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच दोन ओळींत मेसेज करा.

फक्त काही रात्री कमी करायच्या असतील तर 'रद्द' हा शब्द वापरू नका. ॲपमध्ये अख्खं बुकिंग रद्द करून कमी रात्रींचं नवं घेतलं, तर जुन्यावर पूर्ण कपात आणि नव्याला त्या दिवसाचा वाढलेला दर, असा दुहेरी मार बसतो. 'मॉडिफाय'चा पर्याय शोधा, नसेल तर ग्राहकसेवेकडून करून घ्या. आणि काहीही न कळवता न जाणं हा सर्वांत वाईट पर्याय. दोन तास आधी जरी कळवलं, तरी मालक दारात आलेल्या गाडीला जागा देऊ शकतो आणि मग पैशांचं बोलणं तरी होतं.

पाऊस, घाट आणि 'आमचा काय दोष'

गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधीचा मे महिनाही भरवशाचा नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि खांब पडून कित्येक दिवस वीज नव्हती. कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्यांची वाट आंबोली, चोर्ला किंवा अनमोडच्या घाटातून आहे. पावसात तिथे दरड कोसळते, अवजड वाहनांना बंदी होते, आणि मोठी कॅराव्हॅन तपासनाक्यावर अवजडच्या रांगेत उभी केली जाते.

या सगळ्यात परताव्याचा प्रश्न एका मुद्द्यावर सुटतो: जागा देणं मालकाला अशक्य झालं, की तिथवर पोहोचणं तुम्हाला?

भाटात पाणी भरलं, प्रशासनाने परिसर रिकामा करायला लावला, किनारा नियमन क्षेत्रातलं बांधकाम म्हणून जागा सील झाली, तर मालक सेवा देऊच शकत नाही. दोष त्याचा असो वा नसो, करार कायद्याच्या कलम ५६ आणि ६५ प्रमाणे न दिलेल्या सेवेचे घेतलेले पैसे परत करावे लागतात. दोष त्याचाच असेल, जसं परवानगी नसलेली जागा विकली, तर त्यावर भरपाईही मागता येते. मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवं अंडी घालतात. तिथल्या जागा घेताना परवानग्यांबद्दल जरा खोदून विचारा.

उलट, चोर्ला बंद पण आंबोली चालू, तर जागा उपलब्ध आहे आणि लांबच्या वाटेने पोहोचता येतं. मालक पैसे देणं लागत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट हा इशारा आहे, बंदी नाही. नुसत्या इशाऱ्यावर परतावा हवा असेल तर तसं आधी लिहून घ्यावं लागतं, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असल्याने मालक ते लिहूनही देतात: 'उत्तर किंवा दक्षिण गोव्यासाठी रेड अलर्ट असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत विनाशुल्क तारीख बदलता येईल.' दूधसागर बंद, धबधब्यांवर जायला मनाई, शॅक उठलेले, यांचा जागेच्या पैशांशी संबंध नाही. मालकाने त्यांच्याच नावाने पॅकेज विकलं असेल तर गोष्ट निराळी.

प्रवास विमा घेताना त्यात 'ट्रिप कॅन्सलेशन' आहे का ते बघा. हॉस्पिटलमध्ये भरती होणं, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू यांसारखी पॉलिसीत नाव घेऊन दिलेली कारणंच त्यात चालतात. ऑफिसने रजा नाकारली, हे कारण सहसा त्यांत नसतं.

पोहोचल्यावर जागा सांगितल्यासारखी नसेल तर

इथे वाद 'आवडलं नाही' आणि 'दिलंच नाही' यांच्यातला असतो. समुद्राचा आवाज येत नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. १६ ॲम्पिअरचा वीजपुरवठा लिहून प्रत्यक्षात घरगुती ६ ॲम्पिअरचा सॉकेट मिळाला, तर मागता येतात. फरक मोजून दाखवता येतो: २३० व्होल्टला १६ ॲम्पिअर म्हणजे सुमारे ३,७०० वॅट, ६ ॲम्पिअर म्हणजे जेमतेम १,४००. दीड टनाचा एसी एकटाच दीड हजार वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे फ्यूज उडणारच.

काम असं करा. गाडी लावण्याआधीच जागेचा, सॉकेटचा, नळाचा, सांडपाण्याच्या पाइपचा सलग व्हिडिओ घ्या. त्रुटी दिसली की तासाभरात मालकाला मेसेज करा आणि दुरुस्तीला वाजवी वेळ द्या, समजा तीन-चार तास. त्याने बाजूची चांगली जागा दिली तर घ्या. नाही जमलं तर त्याच दिवशी 'जागा वर्णनाप्रमाणे नाही, म्हणून सोडत आहे, राहिलेल्या रात्रींचे पैसे परत हवेत' असं लिहून निघा. तिन्ही रात्री राहून, पोहून, शिजवून-खाऊन शेवटच्या सकाळी पूर्ण परतावा मागितला, तर कोणीच ऐकत नाही, आणि ते बरोबरही आहे.

अनामतही याच व्हिडिओने वाचते. आधीच फुटलेली फरशी किंवा वाकलेला नळ चेक-आउटच्या वेळी तुमच्या नावावर लागू नये. निघताना दुसरा व्हिडिओ घ्या आणि अनामत शक्यतो तिथेच, गाडी सुरू करण्यापूर्वी मागा.

पैसे अडकले तर

मान्य झालेला परतावा यूपीआयने एक-दोन दिवसांत, कार्डावर पाच ते सात कामाच्या दिवसांत दिसायला हवा. 'पाठवले' असं कोणी म्हटलं की यूपीआयचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मागा, कार्ड असेल तर २३ अंकी एआरएन. तो क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते सापडतं. क्रमांक देता येत नाही म्हणजे पैसे निघालेलेच नाहीत.

बुकिंग करताना पैसे कापले गेले पण कन्फर्मेशन आलंच नाही, हा वेगळा प्रकार. तो परतावा नसून फसलेला व्यवहार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, नंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँक ३० दिवसांत दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, हेल्पलाइन १४४४८.

मालक किंवा ॲप टाळत असेल तर पायऱ्या अशा. ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. याच नियमांत एक कमी माहीत असलेली तरतूद आहे: ॲप स्वतः एकतर्फी रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, तसं शुल्क ते ग्राहकावरही लादू शकत नाही. तक्रारीत हे वाक्य घाला. कार्डाने भरले असतील तर समांतरपणे बँकेत चार्जबॅकचा (बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याचा) अर्ज करा, पण सेवा न मिळाल्यापासून लवकर. त्याला मुदत असते.

थेट मालकाशी व्यवहार असेल तर १५ दिवसांची मुदत देणारी साधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही सुटलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुक्काम काणकोणातला असला तरी सांगलीच्या माणसाला मडगावला खेटे घालावे लागत नाहीत. सदोष सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मात्र 'करारातली अटच अन्यायकारक आहे' एवढंच म्हणायचं असेल, तर ती तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून शक्य तिथे तक्रार सेवेतल्या त्रुटीवर बेता.

परताव्याच्या नावाने येणारे फोन

बुकिंग रद्द केल्याचं सोशल मीडियावर लिहिलं, किंवा गूगलवर ग्राहकसेवेचा नंबर शोधला, की 'तुमचा रिफंड प्रोसेस करतो' म्हणणारा फोन येतो. क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तरी फोन ठेवा. ग्राहकसेवेचा नंबर फक्त बुकिंगच्या ईमेलमधून किंवा ॲपच्या आतून घ्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा आणि बँकेकडून खातं व यूपीआय थांबवून घ्या. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता आले, तरच ते परत मिळण्याची शक्यता राहते.